तुळशीतली भांग आणि ‘हायब्रीड’ गांजा

चांगल्या घरात वाईट निपजले की आपण म्हणतो, ‘तुळशीत भांग उगवली.’ म्हणीने या दोन झाडांना दोन टोकांना बसवले आहे. रसायनशास्त्र मात्र वेगळेच सांगते. ‘कॅरिओफायलिन’ नावाचे सुगंधी द्रव्य तुळशीत आहे, लवंगेत आहे, काळ्या मिरीत आहे आणि गांजाच्या फुलोऱ्यातही आहे. तेव्हा वासावरून कुळाची परीक्षा करता येत नाही. हल्ली तरुणांच्या बोलण्यात ‘हायब्रीड’ गांजाचे कौतुक ऐकू येते. त्या शब्दामागे खरे काय आहे, हे कलाशाखेच्या विद्यार्थ्याला कळेल अशा भाषेत मांडावे, म्हणून हा लेख.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ‘हायब्रीड’ हा शब्द शेतातून आला. १९६४ साली सी. एस. एच.-१ ही संकरित ज्वारी आली. १९७० साली सुरतच्या डॉ. सी. टी. पटेलांचा एच-४ हा संकरित कापूस आला. शेतकरी त्यातून एक नियम शिकला : संकरित पिकाचे बी घरचे धरून चालत नाही, कारण पुढच्या पिढीत गुण फुटतात.

तोच नियम गांजाला लागू आहे. या झाडात गुणसूत्रांच्या दहा जोड्या असतात आणि नर व मादी झाडे बहुधा वेगवेगळी असतात. पराग वाऱ्याने उडतो, त्यामुळे संकर सहज होतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नशेचे द्रव्य (टी. एच. सी.) देणाऱ्या झाडांचा, नशा न आणणारे सी. बी. डी. देणाऱ्या झाडांशी संकर केला. पहिल्या पिढीत दोन्ही द्रव्ये आली. दुसऱ्या पिढीत मात्र एकास दोन एकास एक अशी फूट पडली. मेंडेलचा वाटाणाच जणू पुन्हा उगवला!

बाजारी संकराचे एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘स्कंक नंबर वन’. त्याच्या वंशावळीत अफगाण, मेक्सिकन व कोलंबियन वाण सांगितले जातात. दुर्गंधी सोडणाऱ्या स्कंक या अमेरिकन प्राण्यावरून त्याचे नाव पडले. गांजाच्या या उग्र दर्पाला गंधकयुक्त संयुगे कारण आहेत, असे २०२१ साली स्पष्ट झाले. लिंबाचा वास लिमोनीनचा, आणि आंब्यात असणारे मायर्सीनही येथे भेटते. ही सारी द्रव्ये मादी फुलांवरच्या बारीक ग्रंथींत तयार होतात. नशा आणणारे टी. एच. सी. मात्र स्वतः जवळजवळ गंधहीन आहे. म्हणजे वास जितका उग्र तितकी नशा अधिक, ही समजूत निराधार होय.

‘इंडिका’ आणि ‘सॅटिव्हा’ या नावांचेही तसेच. सॅटिव्हा हे नाव लिनियसने १७५३ साली दिले. इंडिका हे लामार्कने १७८५ साली, भारतातून आलेल्या नमुन्यांवरून. आज विक्रेते एकाने झोप व दुसऱ्याने तरतरी येते असे सांगतात. परंतु २०१५ साली कॅनडातील संशोधकांनी जनुके तपासली, तेव्हा एकाच नावाचे नमुने पुष्कळदा दुसऱ्याच नावाच्या नमुन्यांशी अधिक जवळचे निघाले. पाटी एक आणि माल दुसराच!

परिणामाचे काय? टी. एच. सी.ची रचना १९६४ साली इस्रायलमध्ये गाओनी आणि मेशुलम यांनी उलगडली. १९९२ साली मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत मेंदूतले तशाच कामाचे द्रव्य सापडले. त्याला त्यांनी आपल्या ‘आनंद’ या शब्दावरून ‘आनंदामाइड’ असे नाव दिले. आनंदाची सोय निसर्गाने मेंदूत आधीच करून ठेवली आहे. गांजा त्या कुलपात परकी किल्ली फिरवतो. आणि ही किल्ली आता जड झाली आहे. अमेरिकेत जप्त झालेल्या मालातील टी. एच. सी.चे प्रमाण १९९५ साली सुमारे ४ टक्के होते, ते २०१४ साली सुमारे १२ टक्के झाले. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. या वयात तीव्र माल नित्य ओढणाऱ्यांत स्मृतिदोष व मनोविकृतीचा धोका वाढतो.

१८९३-९४ च्या भांग-गांजा आयोगाने माफक सेवनाला फारसे अपायकारक मानले नव्हते, हे खरे. आमच्या उत्तरेला लागून असलेला निमाड-खंडवा मुलूख त्या काळी गांजाच्या लागवडीचे केंद्र होता. पण त्या आयोगापुढे आजचा संकरित माल नव्हता. शिवाय १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. तुरी-कपाशीच्या आड लावलेल्या गांजावर छापे पडल्याच्या बातम्या येतात, तेव्हा मला त्या शेताची काळजी वाटते. कर्ज फेडायला चार झाडे लावणारा तुरुंगात जातो, आणि घरची माणसे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

‘हायब्रीड’ हे उत्तमतेचे प्रशस्तिपत्र नव्हे. दोन वाणांची सरमिसळ, एवढाच त्याचा अर्थ. ज्वारीच्या बाबतीत आपले शेतकरी बियाण्याची पिशवी उलटीपालटी करून, चार जणांना विचारून मगच पेरतात. मित्राने पुढे केलेल्या पुडीबाबत आपण शिकलेल्यांनी निदान तेवढी चौकशी तरी करावी. ती केली तर पुडी परतच जाईल, असा माझा विश्वास आहे.