पेशींतील पोथी आणि मूत्रमार्गाचा कर्करोग

एखाद्या घरी मूत्रपिंडाचा वा मूत्राशयाचा कर्करोग निघाला, की आप्तेष्टांच्या मनात पहिला प्रश्न येतो : 'हे घराण्यातले तर नव्हे? मुलाबाळांनाही होईल काय?' उत्तरासाठी पेशीच्या आत थोडे डोकवावे लागेल.

पेशीच्या सूक्ष्म केंद्रकात सुमारे २ मीटर लांबीचा डीएनएचा धागा मावतो, कारण तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. या गुंडाळीस क्रोमॅटिन म्हणतात. रुमालात बांधलेली पोथी वाचावयाची तर गाठ सोडून हवे ते पान काढावे लागते. तसेच हवे ते जनुक वाचण्यासाठी तेथील गुंडाळी सैल करावी लागते. हे काम करणाऱ्या प्रथिनांचीही स्वतःची जनुके असतात. ती बिघडली, की इतरत्र अक्षर शुद्ध असूनही नको ते पान उघडे राहते व हवे ते मिटलेले. मग पेशीच्या वाढीला आवर घालणारी आज्ञा वाचलीच जात नाही.

मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा जो प्रकार सर्वांत अधिक आढळतो, त्यात सुमारे ४० टक्के गाठींत पीबीआरएम१ हे असे जनुक बिघडलेले असते, हे २०११ साली उघड झाले. व्हीएचएल, बीएपी१ व सेटडी२ ही जनुकेही त्याच्याच शेजारची; चौघांचेही स्थान तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. ती भुजा गळाली, की चारही जनुकांची एकेक प्रत एकदम जाते. मूत्राशयाचेही तसेच. २०१४ साली अमेरिकेत १३१ गाठी तपासल्या असता, तोवर अभ्यासलेल्या इतर नेहमीच्या कर्करोगांपेक्षा येथे गुंडाळी सांभाळणाऱ्या जनुकांतील बिघाड अधिक आढळले.

आता मूळ प्रश्न. यांतील बहुतेक बिघाड जन्मजात नसतात. आयुष्यात त्याच अवयवाच्या पेशीत घडतात व मुलांकडे जात नाहीत. थोड्या कुटुंबांत मात्र व्हीएचएल किंवा बीएपी१ यांतील दोष वारशाने येतो. म्हणून एकाच घरात अनेकांना, किंवा तरुण वयात कोणाला मूत्रपिंडाचा रोग झाल्यास तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. एरवी रोग्याच्या घरावर पिढीजात दोषाचा शिक्का मारणे अन्यायाचे आहे.

आपल्या हाती दोन गोष्टी आहेत. विडी-सिगारेटच्या धुरातील विषे मूत्रात उतरून मूत्राशयात साठतात. ते व्यसन सोडावे. आणि लघवीत रक्त एकदाच दिसले व दुखले नाही, तरी विलंब न लावता वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.