शृंगाटक-त्वचा व प्रकाशमान कार्बनकण

नायगाव येथील चिकित्सालयात आलेला एक प्रश्न प्रस्तुत लेखास निमित्त ठरला. "डॉक्टर, शिंगाड्याच्या सालीतून पेशी उजळवणारं औषध निघालंय म्हणे. आईला कर्करोग आहे, परळला उपचार चालू आहेत. सालीचा काढा देऊ का?" उत्तर नकारार्थी होते. त्यामागील कारण मात्र प्रत्येक वैद्यास ठाऊक असावे.

मूळ संशोधन आपल्या निकटचेच आहे. अंबरनाथ येथील एका महाविद्यालयीन संशोधन केंद्रातून डॉ. माधुरी शरॉन व सहकाऱ्यांनी ते २०१३ साली प्रसिद्ध केले. शृंगाटकाच्या सालीचा जलीय अर्क, कोणतेही बाह्य ऑक्सिडीकारक न मिसळता, ९० अंश सेल्सिअसला तापवून त्यांनी ५ ते १० नॅनोमीटरचे कार्बनकण मिळविले. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तीव्र रसायनांऐवजी वनस्पतिद्रव्य वापरणे, हेच 'हरित संश्लेषण' होय.

हे कण अतिनील प्रकाश शोषून अधिक तरंगलांबीचा दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल व कार्बोक्सिल गटांमुळे ते पाण्यात विरघळतात. पेशीत शिरल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी उजळून दिसते. पूर्वीच्या पुंजबिंदूंत कॅडमियमसारखा विषारी धातू असे, म्हणून कार्बनकणांचे महत्त्व.

वैद्यांनी तीन भेद ध्यानी ठेवावेत.

१. द्रव्य आणि कण एक नव्हेत. निघंटूंत वर्णिलेले शीत, गुरु, ग्राही, वृष्य हे गुण फळाचे आहेत. तापविलेल्या सालीतून निर्माण झालेला कण हे नवे द्रव्य असून त्यास ते गुण आपोआप लाभत नाहीत.

२. चमक ही सिद्धता नव्हे. हरितद्रव्य व अनेक वनस्पतिज घटक स्वतःही अतिनील प्रकाशात चमकतात. काढा चमकला म्हणून त्यात कार्बनकण आहेत असे ठरत नाही.

३. पात्रातील पेशी म्हणजे रुग्ण नव्हे. उपरोक्त कणांची सुरक्षितता श्वानाच्या वृक्कपेशींवर तपासली गेली. शिवाय अतिनील व निळा प्रकाश शरीरात खोलवर पोहोचत नाही. थोडक्यात, हा कण दिवा आहे, औषध नव्हे.

त्या मुलास एवढेच सांगितले : काढा देऊ नका, चालू उपचार खंडित करू नका, आणि आईस कोणतेही आयुर्वेदीय औषध देण्यापूर्वी तेथील डॉक्टरांना कळवा. नव्या शास्त्राचे स्वागत करावे. पण त्याच्या आधारे जे सिद्ध झालेले नाही, त्याचे आश्वासन रुग्णास देऊ नये.