अब्राहामाच्या दारीं आलेले पाहुणे

(पाठ : उत्पत्ति १८ : १–१५)

गेल्या कापूसवेचणीच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यांतील एका खेड्याच्या मंडळींत आम्ही हा पाठ शिकवीत होतों. शब्बाथ शाळेचें रंगीत चित्र पाहून एका वृद्ध बंधूंनीं विचारिलें, "पाळकसाहेब, अब्राहाम तर तंबूंत राहत होता, मग हे पाहुणे मेजाशीं कसे बसले?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पुढें तें एका डच चिताऱ्याच्या कामांत सांपडलें.

रेम्ब्रांट हा १६०६ सालीं हॉलंडांतील लायडन नगरांत एका गिरणीवाल्याच्या घरीं जन्मला. उजेड व अंधार यांच्या योगें मनुष्याचें अंतःकरण उघडें करणारी जी बरोक नांवाची चित्रशैली, तिच्या थोर आचार्यांपैकीं तो एक. हा प्रसंग त्यानें १६४६ सालीं तैलरंगांत रंगविला. त्यांत एका दूताच्या अंगचें तेज फांकलेलें दिसतें. दहा वर्षांनीं, १६५६ सालीं, त्यानें तोच प्रसंग तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापिला. त्याच वर्षीं त्याचें दिवाळें निघालें व घरांतील एकूणएक वस्तूंची यादी झाली.

त्या काळीं डचांचा हिंदुस्थानाशीं व्यापार चाले; कोंकणांत वेंगुर्ल्यासही त्यांची वखार होती. मोगल चिताऱ्यांचीं चित्रें हॉलंडास पोहोंचलीं होतीं, आणि रेम्ब्रांटानें त्यांच्या वीसांहून अधिक नकला स्वहस्तें काढिल्या. एकींत चार वृद्ध शेख झाडाखालीं जमिनीवर बसले आहेत. अब्राहामाच्या पाहुण्यांकरितां त्यानें हीच बैठक घेतली.

तें छापील चित्र हाताच्या पंजाएवढें आहे. दाराशीं जाजम अंथरलें आहे, त्यावर पाहुणे बसले आहेत. दोघांस पंख आहेत. परंतु प्रभु स्वतः पांढऱ्या दाढीच्या वाटसरूच्या रूपानें, हातीं पेला घेऊन बसला आहे. अब्राहाम सुरई घेऊन त्यांच्यापुढें लवला आहे. सारा दाराआडून ऐकत आहे. मागें इश्माएल पाठ फिरवून धनुष्य ओढीत आहे. त्याचा उल्लेख या पाठांत नाहीं. चिताऱ्यानें तो मुद्दाम घातला. प्रभु अंगणांत बसला असतां घरांतील एक जण सेवा करितो, एक संशयानें ऐकते, आणि एकास कांहीं ठाऊकच नाहीं.

हें पाहून आम्हांस त्या खेड्यांतील उपासना आठवली. वेचणीस आलेलें परगांवचें एक मजूर कुटुंब त्या दिवशीं मागें उंबऱ्याशीं बसलें होतें. उपासनेनंतर आम्हांस ओसरीवर खुर्ची व चहा मिळाला; त्यांस कोणीं पाणीही विचारिलें नाहीं. आम्हींही विचारिलें नाहीं. पाठ मात्र पाहुणचाराचा शिकवून आलों! त्या दिवशीं आमची जागा इश्माएलाजवळ होती.

त्या वृद्ध बंधूंस आमचें उत्तर हें कीं, बाबा, पाहुणे तुमच्या-आमच्यासारखेच भुईवर बसले होते. म्हणूनच त्यांस ओळखणें कठीण.

मंडळींत विचार करण्यासाठीं प्रश्न :

१. आपल्या उपासनेंत उंबऱ्याशीं कोण बसतें? त्यांचें नांव आपणांस ठाऊक आहे काय?

२. पुढील शब्बाथीं त्यांच्यासाठीं जाजम कोण अंथरील, आणि पाण्याचा तांब्या कोण नेईल?