कोणत्या महिन्यात कोणती बाग?

प्रश्न : भोसरीत कंपनीत आहे, सुट्टी गुरुवारी. आईला घेऊन बागा कधी पाहाव्यात?

उत्तर : गुरुवार म्हणजे चांदीच, रविवारची झुंबड टळते. श्रावणात निगडीची दुर्गादेवी टेकडी गाठा. हिरवाई तेव्हाच खरी, मात्र पायवाट निसरडी असते, आईंना चप्पल नको, बूट घाला. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या आसपास पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते. गर्दी सोसूनही जावे असे. पण माझा जीव मे महिन्यात अडकतो. लोक उन्हाला भिऊन घरी बसतात, अन् नेमका तेव्हा बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडतो. जांभळा ताम्हण, आपले राज्यपुष्प, त्याच सुमारास फुलतो. त्यासाठी तिकीटही नको. सकाळी सातच्या आत झाडांचा एखादा रस्ता धरा.