मेंदूला मार लागलेला मुलगा आणि रुग्णसेवेचे पाच गुण



डोक्याची दुखापत आपल्या औसा तालुक्याला नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जाड दगडी भिंती आणि त्यांवरची मातीची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. आज ते काम रस्ता करीत आहे. तुळजापूरहून औशावरून लातूर-नांदेडकडे जाणारा महामार्ग रुंद झाला, मोटारसायकली घरोघर आल्या. पण डोक्यावर हेल्मेट आले नाही आणि उसाच्या ट्रॉलीमागे दिवाही लागला नाही. अपघातात सापडतो तो बहुधा घरातला कर्ता मुलगा.

अपघात झाल्यावर सारे धावून येतात. शस्त्रक्रिया होते, पैसा उभा राहतो, मुलगा वाचतो. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. दवाखान्यातून घरी आलेला मुलगा चेहऱ्याने तोच असतो, पण वागण्याने तोच नसतो. तो चिडतो, विसरतो, दिवसभर बसून राहतो. "एवढे वाचवले, आता हा असा का वागतो?" हा प्रश्न आई-वडिलांना आतून पोखरत असतो. त्याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे आणि धम्मातही आहे. प्रस्तुत लेखात दोन्हींचा अभ्यास आपण एकत्र करू.

१. जखम कोठे झाली आहे?

हाडाची जखम दिसते, मेंदूची दिसत नाही. डॉक्टर रुग्णाची शुद्ध मोजण्यासाठी १९७४ साली ग्लासगो येथे तयार झालेली मोजपट्टी वापरतात. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण देतात. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे इजा गंभीर. परंतु ही मोजपट्टी स्वभाव मोजत नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग आपल्या रागाला लगाम घालतो, कामाला सुरुवात करून देतो, बरे-वाईट तोलतो. त्याला इजा झाली की माणूस क्षुल्लक कारणावरून भडकतो, किंवा सांगितल्याशिवाय जागचा हलत नाही. लोक पहिल्याला 'माजला' म्हणतात आणि दुसऱ्याला 'आळशी' म्हणतात. दोन्ही शब्द चुकीचे आहेत. तो त्याचा स्वभाव नसून त्याची जखम आहे. बहुतेक लोकांत वाचा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. तेथे मार लागला तर समजते सगळे, पण शब्द सापडत नाही. अशा मुलाला वेडा समजणे हा मोठा अन्याय होय.

जगाच्या इतिहासात याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट येथे रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार फिनिआस गेज या पंचवीस वर्षांच्या मुकादमाच्या डाव्या गालाखालून शिरून टाळूतून बाहेर पडली. तो वाचला. पण पूर्वीचा शांत, हिशेबी गेज आता हट्टी आणि शिवराळ झाला. मित्र म्हणू लागले की हा तो राहिलाच नाही. मालकाने कामावर घेतले नाही.

पुस्तकांत बहुधा एवढेच सांगतात. पुढची गोष्ट आपल्या विषयाची आहे. सुमारे दहा आठवड्यांनी गेज आई-वडिलांच्या घरी आला. फेब्रुवारीत तो घोड्यांची थोडी देखभाल करू लागला, गुरांना वैरण घालू लागला. नांगरणीचे दिवस आले तेव्हा अर्धा दिवस काम त्याला झेपू लागले. पुढे त्याने दक्षिण अमेरिकेतील चिली देशात अनेक वर्षे घोडागाडी हाकली. प्रकृती ढासळल्यावर तो पुन्हा आईजवळच आला. त्याला फेफरे येऊ लागले आणि १८६० साली त्याचा मृत्यू झाला. मित्रांनी ज्याला 'तो राहिला नाही' म्हटले, त्याला रोजच्या ठरावीक कामाने इतकी वर्षे माणसांत उभे केले. त्या कामाची सुरुवात आई-वडिलांच्या गोठ्यात झाली.

२. तथागतांनी केलेली रुग्णसेवा

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या कामास येत नव्हता म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी मिळून उचलून त्याला मंचकावर निजविले. मग भिक्खूंना जमवून त्यांनी बजावले की रुग्णाची सेवा हीच आपली सेवा होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तथागतांची रुग्णांविषयीची ही आस्था आवर्जून सांगितली आहे.

त्याच ठिकाणी सेवा करण्यास अवघड अशा रुग्णाची पाच लक्षणे दिली आहेत. तो अपथ्य करतो, पथ्यातही प्रमाण ओळखत नाही, औषध घेत नाही, आपल्याला काय होते ते सांगत नाही आणि वेदना सोसत नाही. मेंदूला मार लागलेल्या मुलात ही पाचही लक्षणे दिसतात. आणि ती त्याने निवडलेली नसतात, जखमेनेच दिलेली असतात. म्हणून त्याच्याकडून चांगल्या रुग्णाच्या गुणांची अपेक्षा करता येत नाही. चांगल्या सेवकाचे पाच गुण मात्र आपल्याला शिकता येतात.

३. पाच गुण आणि आपले घर

पहिला गुण : औषध देता येणे. डॉक्टरांच्या चिठ्ठीतील प्रत्येक गोळी कशासाठी आहे हे विचारून वहीत लिहून ठेवावे. फेफऱ्याची गोळी 'आता बरा दिसतो' म्हणून मनाने बंद करू नये. गेजला फेफरे आले ते अपघातानंतर अकरा वर्षांनी, हे ध्यानात ठेवावे. झटका आल्यास त्याला कुशीवर वळवावे, जवळच्या कठीण वस्तू बाजूला कराव्यात आणि किती वेळ चालला ते पाहावे. दातांत चमचा घालू नये, चप्पल किंवा कांदा हुंगवू नये. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, नाहीतर पाठीला जखमा होतात. घास नेहमी बसवून भरवावा. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या किंवा गुंगी येऊ लागली, तर उद्याची वाट पाहू नये.

दुसरा गुण : पथ्य-अपथ्य ओळखणे. या रुग्णाचे पथ्य केवळ खाण्याचे नसते. गोंगाट, टीव्हीचा मोठा आवाज, एकाच वेळी पाच जणांनी बोलणे आणि झोपमोड ही त्याची अपथ्ये आहेत. दारू तर पूर्ण वर्ज्य. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत गाडी चालवू देऊ नये, कारण डोक्याला दुसरा मार पहिल्यापेक्षा महाग पडतो. देवऋषी, उतारा, अंगारा हे आपण १९५६ साली नागपूरला सोडून आलो आहोत. मुलाच्या रागाला 'बाहेरची बाधा' म्हणून ते मागच्या दाराने घरात आणू नये. आणखी एक अपथ्य आहे, ते स्पष्टपणे सांगितले पाहिजे. "लग्न करून दिले की सुधारेल" असे म्हणून दुखापत लपवून त्याचे लग्न लावणे हा औषधोपचार नव्हे. ती परक्या घरच्या लेकीची फसवणूक आहे.

तिसरा गुण : लाभासाठी नव्हे, मैत्रीने सेवा करणे. "तुझ्यासाठी जमीन विकली" हे वाक्य कितीही खरे असले तरी त्याच्यासमोर उच्चारू नये. ते त्याला समजते, आणि त्याचे उत्तर त्याच्याजवळ नसते. तो रागावला तर त्या क्षणी वाद घालू नये. आवाज खाली आणावा, विषय बदलावा, थोडे दूर व्हावे. तो वयाने मोठा आहे हेही विसरू नये. त्याच्यादेखत त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलणे, त्याच्या वतीने प्रत्येक उत्तर देणे, पंचविशीच्या मुलाला बाळासारखे चुचकारणे, यात प्रेम असेल, पण मैत्री नाही. आज कोणता सदरा घालायचा हे तरी त्याला ठरवू द्यावे.

चौथा गुण : किळस न करणे. मलमूत्र, थुंकी, वांती यांची किळस आई सहसा करीतच नाही. आपल्या घरांत किळसेची जागा लाजेने घेतलेली असते. मुलगा पाहुण्यांसमोर शिवी देतो, नको ते बोलतो, म्हणून त्याला आतल्या खोलीत ठेवले जाते. तथागतांनी त्या भिक्खूला लपविले नाही. त्याला उघड्यावर स्वच्छ केले आणि संघाला बोलावून त्याची जबाबदारी सांगितली. मुलाला विहारात वंदनेला आणावे. एखादा शब्द वावगा निघाला तर उपासकांनी तो ऐकून सोडून द्यावा.

पाचवा गुण : वेळोवेळी धीर देणे. नुसत्या 'बरा होशील' या शब्दांनी धीर येत नाही. हातून काम झाले की येतो. रोजचा दिनक्रम ठरावीक असावा आणि तो भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा. उठणे, दात घासणे, व्यायाम, जेवण, विश्रांती, काम हे सारे त्याच क्रमाने व्हावे. खिशात छोटी वही द्यावी. काल कोण आले, आज काय करायचे, ते त्याने स्वतः लिहावे. काम लहान तुकड्यांत द्यावे. ज्वारी निवडणे, तुरीच्या शेंगा सोलणे, गुरांना पाणी दाखवणे, यादी घेऊन बाजारातून तीन वस्तू आणणे ही घरची कामे म्हणजेच उपचार आहेत. त्याला जे वीस मिनिटे लागते ते आपण दोन मिनिटांत करून टाकले, तर त्याचा व्यायाम आपण हिरावून घेतला असे समजावे. थकला की थांबू द्यावे, कारण जखमी मेंदू लवकर थकतो.

४. किती दिवस?

हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. महावग्गातच जीवक वैद्याची कथा आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीच्या डोक्यावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जीवकाने विचारले, "एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि उताणे सात महिने निजून राहशील काय?" श्रेष्ठी हो म्हणाला, पण प्रत्येक वेळी सात दिवसांतच कंटाळला. एकवीस दिवसांनी जीवकाने त्याला उठविले आणि सांगितले की मी महिने म्हटले म्हणून तू निदान दिवस तरी निजलास. जीवकाने मनुष्यस्वभाव ओळखला होता. आपण दिवस मोजावयास बसतो, आणि मेंदू महिन्यांच्या व वर्षांच्या हिशेबाने भरून येतो. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा वेगाने दिसते, पुढे मंद होते. तरी दोन वर्षांनंतरही नवीन गोष्टी शिकणारे रुग्ण असतात. मात्र काहींचे सर्व परत येत नाही, हेही आई-वडिलांना खरे खरे सांगितले पाहिजे. अनित्यतेचा अर्थ येथे दोन्ही बाजूंनी लागू पडतो. पूर्वीचा मुलगा जसाच्या तसा राहिला नाही. आणि आजचा मुलगाही कायम असाच राहील असे नाही.

५. हक्क आणि सोयी

लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत पुढील तपासणी व फिजिओथेरपीची चौकशी करावी. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. बेंगळुरूला निम्हान्स आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत मेंदूची इजा असा स्वतंत्र प्रकार नाही. परंतु हात-पाय लुळे पडणे आणि वाचा जाणे हे त्यात बसते. ४० टक्के किंवा अधिक प्रमाण असल्यास अनेक सवलती मिळतात, म्हणून प्रमाणपत्र व ओळखपत्र काढून घ्यावे.

वाहन अपघात असल्यास भरपाईचा दावा करण्यास विलंब करू नये; १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने, मेंदूला गंभीर इजा झालेल्या एका मुलीच्या प्रकरणात, तिची सेवा करणाऱ्या मदतनीसाचा पुढील आयुष्यभराचा खर्चही भरपाईत धरला. आईची सेवा फुकट असते असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्ती, स्त्रिया व दिव्यांग यांना मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

६. सेवा करणाऱ्याची सेवा

पहिल्या महिन्यात घर माणसांनी भरलेले असते. दुसऱ्या वर्षी कोणी येत नाही. तोवर आईची पाठ गेलेली असते, वडिलांची झोप गेलेली असते, आणि सून असेल तर तिच्या मनाला कोणी विचारलेलेच नसते. चार ब्रह्मविहारांत उपेक्षा आहे. बोलीत आपण तिचा अर्थ दुर्लक्ष असा करतो. धम्मात तिचा अर्थ समतोल मन असा आहे. आई-वडिलांना तो समतोल हवा असेल तर त्यांना विश्रांती मिळाली पाहिजे, आणि ती समाजाने दिली पाहिजे. आठवड्यातून एक दुपार दोघा तरुणांनी त्या मुलाजवळ बसावे, म्हणजे आई निवांत झोपेल. दवाखान्याच्या फेरीला एकाने सोबत जावे. कागदपत्रांचे काम विद्यार्थ्यांनी करावे. मन फार खचल्यास १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

त्या भिक्खूला आई-वडील जवळ नव्हते, म्हणून तथागतांनी संघाला सांगितले की तुम्हीच एकमेकांची सेवा करा. आपल्या या मुलांना आई-वडील आहेत, पण ते वृद्ध होत आहेत. त्यांच्यानंतर कोण, या प्रश्नाचे उत्तर आपल्या संस्थेने आजपासून शोधावयास हवे.

अभ्यासासाठी प्रश्न

१) मेंदूला मार लागलेल्या रुग्णाच्या रागाला 'स्वभाव' का म्हणू नये?
२) रुग्णसेवकाचे पाच गुण सांगून प्रत्येकाचे आपल्या घरातील एक उदाहरण द्या.
३) आपल्या वस्तीत असे एखादे घर असल्यास त्या घरासाठी आठवड्यातील कोणते दोन तास तुम्ही देऊ शकता, ते ठरवून लिहा.

जयभीम!