शून्याचा अर्थ

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' ही नोंद झाली. ते रजिस्टर जपले गेले, म्हणूनच २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. तुळजापूर सोडून गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यालाही जातीच्या दाखल्यासाठी जनरल रजिस्टरातील एक ओळच आधार देते. आज ही रजिस्टरे संगणकात जात आहेत. त्यांची प्रत खरोखर झाली की नाही, हे पाहण्याची रीत प्रत्येकाने शिकावी.

लिनक्सच्या टर्मिनलवर 'सीपी' ही आज्ञा फाईलची प्रत काढते. काम संपताच प्रत्येक प्रोग्रॅम एक अंक मागे ठेवतो. तो पाहण्यासाठी लगेच 'एको $?' असे टंकावे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर त्याऐवजी 'एको %एररलेव्हल%' लिहावे. शाळेत शून्य म्हणजे नापास; येथे ० म्हणजे यश. कारण यश एकाच प्रकारचे असते, अपयशाची कारणे मात्र अनेक. म्हणून लिनक्समध्ये १ ते २५५ हे अंक अपयशासाठी वा अन्य निष्कर्षांसाठी राखलेले आहेत. १२७ म्हणजे अशी आज्ञाच सापडली नाही. १३० म्हणजे कंट्रोल-सी दाबून काम मध्येच थांबवले.

'लगेच' या शब्दाला महत्त्व आहे. पुढची प्रत्येक आज्ञा आधीचा अंक पुसते. 'एको $?' दुसऱ्यांदा टंकल्यास पहिल्या 'एको'चाच निकाल, म्हणजे ०, दिसतो आणि अपयश झाकले जाते.

जुनी प्रत पुसायची असेल, तर दोन आज्ञांमध्ये '&&' हे चिन्ह घालावे. पहिलीचा निकाल ० आला तरच दुसरी चालते. पेनड्राइव्ह भरल्यामुळे प्रत अपुरी राहिली, तर जुनी प्रत पुसली जात नाही.

तरीही ० ही प्रोग्रॅमने स्वतःच दिलेली ग्वाही आहे. तिची पडताळणी 'सीएमपी' या आज्ञेने करावी: दोन्ही फाईली तंतोतंत सारख्या असतील तर ०, वेगळ्या असतील तर १, आणि फाईल वाचताच आली नाही तर २.

पूर्वजांना नोंदीपासूनच वंचित ठेवले गेले होते. आता नोंद आपल्या हाती आहे. ती तपासूनच पुढच्या पिढीकडे सोपवावी.