कंपनांचे मोजमाप आणि चालकांचे आरोग्य

सह्याद्रीच्या डोंगररांगांनी वेढलेल्या भोर आणि वेल्हे परिसरात भातखाचरांची मशागत आता बऱ्याच अंशी ट्रॅक्टरने होते. वरंध घाटातील वळणांचा रस्ता असो, वा नीरा देवघर आणि गुंजवणी धरणांच्या परिसरातील चढउतारांचे रस्ते असोत, एस.टी., डंपर आणि खोदाई यंत्रे यांचे चालक तासन्‌तास आसनावर बसून असतात. त्यांच्या शरीराला बसणाऱ्या हादऱ्यांचा विचार मात्र क्वचितच होतो.

कंपनांचा परिणाम

यंत्राचे हादरे आसनातून व पायांतून संपूर्ण शरीरात पोहोचतात. बसलेल्या माणसाचे शरीर सेकंदाला सुमारे ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना अधिक संवेदनशील असते. वर्षानुवर्षे असे हादरे बसल्यास कंबरदुखी व मणक्यांचे विकार होण्याचा धोका वाढतो. अवघडून बसणे व ओझी उचलणे हीदेखील कंबरदुखीची कारणे असल्याने केवळ तक्रारीवरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. त्यासाठी मोजमाप हवे.

मोजमापाची रीत

आसन आणि चालक यांच्यामध्ये मापकयंत्र बसविलेली रबरी चकती ठेवतात. मागे-पुढे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली अशा तिन्ही दिशांतील त्वरण नोंदले जाते. आंतरराष्ट्रीय मानक २६३१ (भाग १, १९९७) नुसार पहिल्या दोन दिशांच्या मूल्यांना १.४ ने गुणतात. सामान्यतः तिन्हींपैकी सर्वांत मोठे मूल्य विचारात घेऊन त्याचे आठ तासांच्या कामाशी समतुल्य मूल्य काढतात. युरोपीय संघाने २००२ मध्ये यासाठी दोन मर्यादा ठरविल्या : ०.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग या मूल्यापासून उपाययोजना आवश्यक, तर १.१५ हे मूल्य ओलांडता कामा नये.

उदाहरणार्थ, ट्रॅक्टरच्या आसनावर ०.८ इतके कंपन आहे असे समजू. आठ तासांच्या कामात समतुल्य मूल्य ०.८ होईल. काम चार तासांवर आणले, तरी ते ०.४ न होता सुमारे ०.५७ राहते, कारण ते वेळेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात घटते. याउलट, आठ तास काम करूनही कंपनच निम्मे केले, तर मूल्य ०.४ वर येते. म्हणजेच केवळ पाळी कमी करण्यापेक्षा हादऱ्याचे मूळ दूर करणे अधिक फलदायी ठरते.

गावपातळीवरील कार्य

मापकयंत्र उपलब्ध नसले, तरी आरंभ वहीपासून करता येईल. कोणते यंत्र, प्रत्यक्ष चालू स्थितीत किती तास, रस्ता वा जमीन कशी, वेग किती आणि आसन कोणत्या स्थितीत, या पाच नोंदी पुरेशा आहेत. त्यांवरून प्रथम कोणत्या यंत्राचे मोजमाप करावे हे ठरते.

मोडलेले आसन बदलणे, ते चालकाच्या वजनानुसार जुळविणे, टायरमधील हवा योग्य ठेवणे आणि खडबडीत रस्त्यावर वेग आवरणे हे उपाय सहजसाध्य आहेत. पंचायतीने खड्डे वेळेवर बुजविले, अधिकाऱ्यांनी यंत्रांची तपासणी करताना आसनाकडेही लक्ष दिले आणि शिक्षकांनी नोंदी ठेवण्यास साहाय्य केले, तर या भागातील अनेक चालकांची पाठ म्हातारपणापर्यंत शाबूत राहील.